सागराचे शुचित्व : नारळी पौर्णिमेच्या निमित्ताने

श्रावण शुद्ध पौर्णिमा हा वरुणाचा दिवस. आषाढातील दर्याचा क्षोभ ओसरू लागतो, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांना नवा रंग चढतो, आणि कोळीवाड्यांतून वाजतगाजत निघालेल्या मिरवणुका सोनेरी वेष्टनातील नारळ सागराला अर्पण करून त्याच्या कृपेची याचना करतात. इतर घरांतून त्या दिवशी श्रावणी होते, रक्षाबंधन होते, नारळीभाताचा सुवास दरवळतो. या पौर्णिमेपासून पुढे सागराशी आपला धार्मिक संबंध अधिकच निकटचा होत जातो. गौरी-गणपतींचे विसर्जन, अनंत चतुर्दशी, सर्वपित्री अमावास्या, आणि योग असेल तेव्हा सोमवती अमावास्या किंवा महोदय पर्व, अशा कितीतरी निमित्तांनी भाविकांची पावले किनाऱ्याकडे वळतात. गुडघाभर पाण्यात उभे राहून अर्घ्य दिले जाते. कोणी स्नान करतो, कोणी आचमन करतो, लहान मुलांच्या मस्तकावर चूळभर पाणी शिंपडले जाते.

सर्व नद्यांचे पाणी ज्याच्या ठायी एकत्र होते तो सागर तीर्थांचा राजा, ही आपली परंपरागत धारणा. मात्र त्याच परंपरेने दोन मर्यादाही घालून दिल्या होत्या, त्यांचा आपल्याला सोयीस्कर विसर पडला आहे. पहिली, पर्वकाळ सोडून समुद्राला स्पर्श करू नये, त्याचे केवळ दर्शन घ्यावे. दुसरी, पाण्यात मलमूत्राचा उत्सर्ग करू नये. हा दुसरा निषेध मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आहे, आणि तैत्तिरीय आरण्यकातही आहे. आज व्यक्तिशः हा निषेध बहुतेक सुसंस्कृत माणसे पाळतात. परंतु ज्या नगरांत आपण राहतो ती नगरे आपल्या वतीने तो अहोरात्र मोडीत असतात. आपल्या घरातील शौचकूपाची साखळी ओढली की धर्मशास्त्रातील निषिद्ध कर्म कोठेतरी खाडीच्या तोंडाशी पुरे होते, आणि पर्वाच्या दिवशी आपण त्याच पाण्याशी हात जोडून उभे राहतो.

मग या पाण्याचे शुचित्व ओळखावे कसे? डोळ्यांवर विसंबून चालत नाही. कोकणच्या आणि मुंबईच्या समुद्राचे पाणी मुळातच गढूळ, मातकट. ते तसे असूनही निर्दोष असू शकते. उलट आरशासारखे स्वच्छ पाणी शेकडो रोगजंतू बाळगून असू शकते. चवीने किंवा वासाने कळावे तर खारटपणा सारे झाकून टाकतो. या प्रश्नाचे जे उत्तर गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत सूक्ष्मजंतुशास्त्राने शोधून काढले, ते आपल्या न्यायशास्त्राच्या अभ्यासकाला फारसे परके वाटू नये. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, हे अनुमानाचे ठरलेले उदाहरण. अग्नी प्रत्यक्ष दिसत नाही. धूर हे त्याचे लिंग, म्हणजे खूण. पाण्यातील रोगजंतू प्रत्यक्ष शोधणे असेच दुर्घट असते. विषमज्वराचे, पटकीचे, काविळीचे जंतू पाण्यात आले तरी ते अत्यल्प असतात, आज असतात आणि उद्या नसतात, आणि प्रत्येकाची परीक्षा वेगळी, खर्चिक व वेळखाऊ. म्हणून त्यांच्याऐवजी अशा जंतूचा शोध घ्यावयाचा, जो मनुष्याच्या व उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यांत नेहमी व विपुल असतो. तो सापडला की मैला या पाण्यात आला आहे हे निश्चित; आणि जेथे मैला आला तेथे रोगजंतू येण्याची वाट मोकळी झाली आहे. अशा जंतूंना निर्देशक जीवाणू म्हणतात.

त्यांतील सर्वांत प्रसिद्ध जीवाणू थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली तान्ह्या मुलांच्या मलाची तपासणी करताना वर्णिला. पुढे त्याच्याच नावावरून त्याला एशेरिशिया कोलाय, संक्षेपाने ई. कोलाय, हे नाव मिळाले. हा बहुतांशी निरुपद्रवी जीव आहे. प्रत्येक निरोगी माणसाच्या पोटात तो नांदतो, आणि त्याचे काही प्रकारच तेवढे रोगकारक असतात. त्याचे महत्त्व तो कोठून आला हे सांगतो यात आहे. एका ग्रॅम मलात त्याची संख्या कोटींच्या घरात असते. त्यामुळे मैल्याचा अल्पांशही पाण्यात मिसळला तरी त्याची साक्ष मिळते.

परीक्षेची जुनी पद्धत अजूनही अनेक प्रयोगशाळांत चालते, आणि ती मोठी मनोरंजक आहे. निर्जंतुक केलेल्या बाटलीत पाणी भरून, ती बर्फात ठेवून काही तासांच्या आत प्रयोगशाळेत आणतात. दुग्धशर्करा असलेल्या पोषक द्रवाच्या परीक्षानळ्या घेतात. त्या प्रत्येक नळीत एक इवलीशी नळी उपडी बुडविलेली असते. पाचपाच नळ्यांच्या तीन रांगांत नमुन्याचे पाणी उतरत्या प्रमाणात घालतात आणि शरीराच्या उष्णतेइतक्या उबेत दोन दिवसांपर्यंत ठेवतात. कोलिफॉर्म गटाचे जीवाणू असतील तर ते शर्करा आंबवितात आणि उपड्या नळीत वायूचा बुडबुडा साठतो. किती नळ्यांत बुडबुडा आला यावरून, गणिती कोष्टकाच्या आधारे, शंभर मिलिलिटर पाण्यातील त्यांची संभाव्यतम संख्या काढतात.

येथेच एक अडचण उद्भवते. कोलिफॉर्म गटातील काही जीवाणू मातीत आणि झाडापाल्यातही असतात. पावसाने धुऊन आलेल्या मातीबरोबर तेही पाण्यात उतरतात. म्हणजे धुके पाहून धूर समजण्याचा हा हेत्वाभास झाला. बेरीबेरी या रोगावरील संशोधनासाठी पुढे १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळालेले डच वैद्य क्रिस्तियान आयकमान यांनी १९०४ साली यावर तोडगा सुचविला. आतड्यातून आलेले जीवाणू शरीरापेक्षा अधिक उष्णतेतही वाढतात, मातीतील बहुतेक वाढत नाहीत. आज हीच परीक्षा ४४.५ अंश सेल्सिअसला करतात, आणि तिच्यात टिकलेल्यांना मलजन्य कोलिफॉर्म म्हणतात.

भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार, समुद्राच्या ज्या पाण्यात स्नान व्हावयाचे त्यात शंभर मिलिलिटरला शंभर मलजन्य कोलिफॉर्म ही मर्यादा आहे. पावसाळ्यासाठी तीत काही सवलत आहे. नदीस्नानासाठी पाचशे इष्ट आणि कमाल अडीच हजार, असे अधिक सैल निकष आहेत. या आकड्यांचा अर्थ आपल्या देवघरातील मापाने समजून घ्यावा. आचमनाच्या पळीत सुमारे पाच मिलिलिटर पाणी मावते असे धरले, तर मर्यादेत असलेल्या समुद्रजलाच्या एका पळीत असे पाच जीवाणू येतील. आणि न शुद्ध केलेल्या मैलापाण्याच्या शंभर मिलिलिटरमध्ये? दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. एक कोटीचे शंभर व्हावयाचे तर एका घागरीत निर्मळ पाण्याच्या लाख घागरी ओतावयास हव्यात. मुंबईच्या चौपाट्यांवरील पाण्याचे नमुने शंभरची मर्यादा वारंवार ओलांडतात, हे पर्यावरणाच्या अहवालांतून वर्षानुवर्षे दिसत आले आहे. त्यात आश्चर्य मानण्यासारखे काही नाही.

यावर श्रद्धाळू वाचकांच्या मनात साहजिकच येईल की सागर स्वतःच पावन करणारा आहे, त्याला कोण अपवित्र करणार? हा आक्षेप केवळ भाबडेपणा म्हणून झटकून टाकण्याजोगा नाही. १८९६ साली आग्र्यास काम करणारे इंग्रज जंतुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हॅन्किन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू लवकर मरतात, आणि तेच पाणी उकळल्यास तो गुण नाहीसा होतो, असे प्रसिद्ध केले. पुढे जीवाणूंना भक्ष्य करणाऱ्या विषाणूंचा शोध लागला आणि १९१७ साली फेलिक्स देरेल यांनी त्यांना बॅक्टेरिओफेज हे नाव दिले, तेव्हा हॅन्किनच्या निरीक्षणाचा संभाव्य उलगडा झाला. सागराजवळही अशी सामर्थ्ये आहेत. त्याचे लवण आतड्याच्या जीवाणूंना मानवत नाही. त्यातील सूक्ष्म प्राणी त्यांना गिळतात. आणि सर्वांत प्रभावी म्हणजे सूर्यप्रकाश. निवळ व उन्हाळलेल्या समुद्रजलात ई. कोलायपैकी दहांतील नऊ काही तासांत नष्ट होतात. पण रात्री हे काम मंदावते, ढगाळ दिवसांत मंदावते, आणि पाणी गढूळ असेल तर प्रकाश खाली पोहोचतच नाही. श्रावण-भाद्रपदातील मुंबईचा समुद्र एकाच वेळी ढगांखालचा, गढूळ आणि पावसाच्या पाण्याने कमी खारट झालेला असतो. म्हणजे त्याची शुद्धिशक्ती ज्या ऋतूत क्षीण, त्याच ऋतूत आपले बहुतेक सागरी उत्सव येतात.

पाश्चात्यांतही या बाबतीत मोठा वाद झाला. इंग्लंडमधील तज्ज्ञांच्या एका समितीने १९५९ साली असा निर्वाळा दिला की, पाणी किळसवाणे दिसण्याइतके घाण नसेल तर समुद्रस्नानाने गंभीर रोग होण्याचे भय जवळजवळ नाही. पुष्कळ वर्षे हे मत प्रमाण मानले गेले. पुढे अमेरिकेत व्हिक्टर कॅबेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात निरनिराळ्या किनाऱ्यांवर स्नान करणाऱ्या हजारो लोकांची नंतर विचारपूस केली आणि त्यांच्या पोटाच्या तक्रारींचा पाण्यातील जंतुसंख्येशी मेळ घातला. तेव्हा असे आढळले की समुद्रात ई. कोलायपेक्षा एंटरोकॉकस हा आतड्यातीलच दुसरा जीवाणू आजाराशी अधिक जुळतो, कारण तो खाऱ्या पाण्यात अधिक काळ तग धरतो. त्यावरून १९८६ साली अमेरिकेने समुद्रस्नानासाठी एंटरोकॉकसची सरासरी शंभर मिलिलिटरला ३५ ही मर्यादा सुचविली, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २००३ च्या मार्गदर्शनात समुद्रासाठी याच जीवाणूची निवड केली. आमच्या मते आपल्याकडेही मलजन्य कोलिफॉर्मवरच भिस्त न ठेवता याची गणना नियमाने व्हावयास हवी. जो साक्षीदार लवकर मरतो, त्याच्या मौनाला निर्दोषत्वाचा पुरावा मानणे धोक्याचे आहे.

आतापर्यंत पाण्याविषयी झाले. परंतु सागराचा तळ पाण्याहून अधिक बोलका असतो, आणि त्याच्याकडे लक्ष थोड्यांचेच जाते. मैलापाण्यातील जीवाणू पाण्यात सुटे तरंगत राहतात असे नाही. ते मातीच्या बारीक कणांना चिकटतात आणि कणांबरोबर खाली बसतात. एकदा गाळात शिरल्यावर त्यांना ऊन लागत नाही, भक्षकांपासून थोडाफार आडोसा मिळतो, आणि कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याचे अन्न आयते मिळते. गर्बा आणि मॅक्लिओड या अमेरिकन संशोधकांनी १९७६ साली दाखवून दिले की नुसत्या समुद्रजलात ठेवलेल्या ई. कोलायपेक्षा गाळाच्या सान्निध्यातील ई. कोलाय पुष्कळ अधिक काळ जगतो. जगातील अनेक किनाऱ्यांवर, तळाच्या गाळातील अशा जीवाणूंची संख्या वरच्या पाण्यातील संख्येच्या शेकडो पट भरल्याचे आढळले आहे. भरड वाळूपेक्षा मऊ चिखलात हा साठा अधिक असतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जीवाणूची बीजुके तर गाळात दीर्घकाळ टिकतात. त्यामुळे पाणी हे आजचे वर्तमानपत्र मानले, तर गाळ ही जुनी बखर म्हणावी लागेल.

गाळाची परीक्षाही वेगळी. लोखंडी जबड्यासारख्या उपकरणाने तळाची माती उचलून आणतात, तिचा तोललेला अंश निर्जंतुक खाऱ्या पाण्यात जोराने घुसळतात, जड कण खाली बसू देतात, आणि वरच्या द्रवाची वर सांगितलेलीच परीक्षा करून दर ग्रॅममागे संख्या काढतात. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने, जिची स्थापना १९६६ ची, पश्चिम किनाऱ्यावरील पाणी व गाळ यांतील निर्देशक जीवाणूंचा असा अभ्यास अनेक वर्षे केला आहे. मुंबईच्या पाण्यातील अशा व रोगकारक जीवाणूंविषयीचा तिच्या शास्त्रज्ञांचा एक लेख २००४ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात आला होता. तरीही स्नानयोग्यतेचे सरकारी निकष पाण्यापुरतेच आहेत, तळाच्या गाळासाठी त्यांत आकडा नाही.

ही उणीव सणाच्या दिवशी प्रकर्षाने जाणवते. शांत दिवशी पाणी तपासले आणि ते मर्यादेत निघाले, तरी अनंत चतुर्दशीला हजारो पावलांनी तळ ढवळला की खाली बसलेले सारे पुन्हा वर येते. विसर्जनाच्या वेळी कमरेएवढ्या पाण्यात उतरणारे तरुण आणि काठाशी चिखलात खेळणारी मुले याच ढवळलेल्या पाण्यात असतात. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. समुद्र गणेशमूर्तींनी घाण होतो अशी ओरड दरवर्षी होते. प्लास्टरच्या व रासायनिक रंगांच्या मूर्तींचे दुष्परिणाम आहेतच. परंतु आतड्याचे जीवाणू मूर्तीतून येत नाहीत. ते वर्षाचे बाराही महिने, सण असो वा नसो, नाल्यांतून येतात. उत्सवाच्या एका दिवसाकडे बोट दाखवून उरलेल्या ३६४ दिवसांच्या मैल्याकडे डोळेझाक करणे हा न्याय नव्हे.

मुंबईने मैलापाणी दूर नेण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. वरळी आणि वांद्रे येथून सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचे बोगदे समुद्राच्या तळाखालून काढले आहेत. त्यांच्या टोकाशी मैलापाणी खोल पाण्यात पसरून सोडावे, लवण आणि प्रकाश यांनी आपले काम करावे, आणि ते पाणी किनाऱ्यास परत येईपर्यंत निरुपद्रवी व्हावे, अशी ही योजना. मात्र तत्पूर्वी त्या पाण्यावर जाळीने गाळणे आणि रेती काढणे एवढाच संस्कार पुष्कळ वर्षे होत आला. शिवाय शहराचा बराचसा मैला या बोगद्यांपर्यंत पोहोचतच नाही. मलवाहिन्या नसलेल्या वस्त्यांतून तो नाल्यांवाटे थेट माहीमच्या, वेसाव्याच्या आणि ठाण्याच्या खाड्यांत उतरतो. खाडीत पाण्याची अदलाबदल सावकाश, चिखल अमाप. साठ्याला याहून अनुकूल जागा नाही. २०२३ च्या जानेवारीत वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर अशा सात नव्या शुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी झाली. दिवसाला सुमारे २,४६० दशलक्ष लिटर ही त्यांची एकत्रित क्षमता. ती पूर्ण चालू झाली तरी पाणी आधी सुधारेल आणि गाळ मागाहून, हे ध्यानात ठेवावे लागेल.

निर्देशकाचीही मर्यादा सांगितली नाही तर विवेचन एकांगी होईल. धूर आहे तेथे अग्नी आहे. पण धूर नाही म्हणून अग्नी नाही असे म्हणता येत नाही. तापून लाल झालेला लोहगोल हे नैयायिकांचे यावरील उदाहरण. सागरातही असे लोहगोल आहेत. काविळीचे व अतिसाराचे काही विषाणू ई. कोलाय मरून गेल्यावरही पाण्यात टिकतात. पटकीचा जंतू तर मैल्यावाचूनही खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात, सूक्ष्म जलचरांच्या अंगाला चिकटून राहू शकतो. रिटा कॉलवेल यांनी बंगालच्या उपसागराच्या परिसरात या विषयाचा दीर्घ अभ्यास केला. त्याच कुळातील काही जंतू उघड्या जखमेतून शरीरात शिरतात. कोलिफॉर्मची संख्या त्यांच्याविषयी काहीही सांगत नाही. दुसरी अडचण वेळेची. नळीतील बुडबुडा दिसून त्याची खातरजमा होईपर्यंत दोन-चार दिवस जातात; पर्वस्नानाच्या पाण्याचा निकाल पर्व उलटून गेल्यावर हाती येतो.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी काही गोष्टी स्वतःच पाहाव्या. समुद्राच्या पाण्याने आचमन करू नये. घरून आणलेल्या तांब्यातील पाण्याने आचमन करावे आणि सागरजल केवळ मार्जनासाठी, तेही तोंड मिटून, घ्यावे. अंगावर जखम किंवा फोड असल्यास पाण्यात उतरू नये. दर्शन आणि अर्घ्य यांनीही विधी घडतो, आणि दर्शनाचे माहात्म्य तर शास्त्रानेच सांगितले आहे. मुसळधार पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस स्नान टाळावे. नाल्याच्या किंवा खाडीच्या मुखापासून दूर जावे. लहान मुलांना काठाच्या काळ्या चिखलात खेळू देऊ नये, आणि प्रसाद हाती देण्यापूर्वी त्यांचे हात साबणाने धुवावेत. जे मत्स्याहारी आहेत त्यांनी श्रावण संपल्यावर तिसऱ्या-कालवे खाताना ती कोणत्या खाडीतली हे विचारावे आणि चांगली शिजवावी, कारण हे प्राणी दिवसभर पाणी गाळून जीवाणू आपल्या शरीरात साठवितात.

वेळेचाही विचार करावा. अमावास्या आणि पौर्णिमा हे आपले पर्वदिवस, आणि उधाणाच्या भरत्याही याच तिथींच्या सुमारास येतात. तेव्हा पाण्याचा चढउतार मोठा, प्रवाह वेगवान, आणि तळाचा गाळ अधिक हलतो. मुंबईत या तिथींना मोठी भरती साधारणपणे दुपारी बारा-एकच्या सुमारास असते, तर पहाटेनंतर आणि सायंकाळी ओहोटी. ओहोटीच्या वेळी खाड्यांतील पाणी बाहेर पडते आणि किनाऱ्याचा चिखल उघडा होतो; भरतीबरोबर बाहेरच्या खुल्या समुद्राचे पाणी आत येते. ज्यांना नारळ पाण्यात उतरूनच अर्पण करावयाचा आहे, त्यांनी पंचांगाबरोबर त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे, आणि भरती पूर्ण होण्याच्या सुमारास, नाल्यापासून दूरच्या वाळूवर जावे. सायंकाळी गेल्यास काठावरूनच नारळ सोडावा आणि घरी येताच पाय धुऊन मग देवघरात जावे.